मार्सेयमध्ये एक दिवस: बंदराच्या कडेकडेने

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मार्सेय आपल्याकडे 'मार्सेलिस' म्हणून शाळेपासून ओळखीचं असतं. प्रत्यक्षात मात्र बहुतेक मराठी मंडळी पॅरिस करतात, नीस करतात आणि मधला एखादा दिवस उरला तर मार्सेयला देतात. एका दिवसात पावणेनऊ लाख वस्तीचं शहर बघून होत नाही. पण त्या शहराचं जुनं बंदर एका दिवसात नीट बघून होतं. मार्सेय सगळं त्या बंदराभोवती वाढलेलं असल्यामुळे दिवस फुकट गेल्यासारखा वाटत नाही. मी दोनदा गेलो. पहिल्यांदा यादी हातात घेऊन धावलो, दुसऱ्यांदा आईला घेऊन निवांत फिरलो. हा आराखडा दुसऱ्या फेरीतला आहे.

आधी नकाशा डोक्यात बसवून घ्या. व्यू-पोर, म्हणजे जुनं बंदर, ही पश्चिमेकडे समुद्राला उघडणारी, घोड्याच्या नालेसारखी खाडी आहे. इसवी सनपूर्व 600 च्या सुमारास फोकाया नावाच्या गावाहून (आज ते तुर्कस्तानात, इझमीरजवळ आहे) ग्रीक दर्यावर्दी आले ते याच खाडीत. नालेच्या उत्तरेच्या बाजूला जुनी वस्ती आणि संग्रहालयं, पूर्वेच्या बंद टोकाला मासळी बाजार आणि दुकानं, दक्षिणेला टेकडी आणि मठ. सकाळ उत्तरेला, दुपार पूर्वेला, संध्याकाळ दक्षिणेला, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. गल्ल्या सकाळी सावलीत असतात, दुपारचं ऊन संग्रहालयात निभावतं आणि सूर्य समुद्रात बुडताना तुम्ही बरोबर पश्चिमेच्या किनाऱ्यावर असता.

वार, वारा आणि बूट

वार जपून निवडा. समुद्राकाठचं मोठं म्यूसेम संग्रहालय मंगळवारी बंद असतं, महापालिकेची संग्रहालयं सोमवारी. रविवारी बरीच दुकानं उघडत नाहीत. म्हणजे बुधवार ते शनिवार उत्तम. महिने मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात.

वाऱ्याचं महत्त्व आपल्याला तिथे गेल्याशिवाय पटत नाही. रोन नदीच्या खोऱ्यातून वायव्येकडून 'मिस्त्राल' नावाचा कोरडा, गार वारा सुटतो. आकाश लखलखीत निळं होतं, फोटो सुंदर येतात, पण टेकडीवर उभं राहणं मुश्कील होतं आणि बेटांच्या बोटी रद्द होतात. म्हणून आदल्या रात्री हवामानात तापमानाच्या आधी वाऱ्याचा वेग बघा. मे महिन्यातसुद्धा पिशवीत एक विंडचीटर हवाच.

बूट चालायचे, घट्ट पकडीचे घाला. जुन्या वस्तीतल्या दगडी पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्यात. पाकीट पुढच्या खिशात किंवा अंगालगतच्या पाऊचमध्ये ठेवा. स्टेशन, मेट्रो आणि बाजार या तीन जागी खिसेकापूंची भीती असते. घाबरून फिरण्यासारखं काही नाही. मुंबईच्या लोकलमध्ये जेवढं सावध असतो तेवढं पुरतं.

आणखी एक सवय लावून घ्या. दुकानात, बसमध्ये, कुठेही तोंड उघडताना पहिला शब्द 'बोंजूर'. तो न म्हणता थेट प्रश्न विचारला की समोरचा माणूस आखडतो. म्हटला की मोडक्या इंग्रजीत का होईना, मनापासून मदत करतो. मला पहिल्या फेरीत हे कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी आठ: पायऱ्यांवरून बंदराकडे

पॅरिसहून वेगवान रेल्वेने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी येऊन मुक्काम करणं शहाणपणाचं. सँ-शार्ल स्टेशनातून बाहेर आलात की लगेच मेट्रोत शिरू नका. समोर 104 पायऱ्यांचा प्रचंड दगडी जिना आहे. त्याच्या डोक्यावर उभं राहिलं की सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं आणि पलीकडच्या टेकडीवर नोत्र-दाम चर्चची सोनेरी मूर्ती चमकते. संध्याकाळी तिथे पोचायचं आहे. जिन्याच्या पायथ्याशी आडव्या पहुडलेल्या स्त्रियांचे दोन पुतळे आहेत, एक आशियातल्या फ्रेंच वसाहतींचा आणि दुसरा आफ्रिकेतल्या. वसाहतींवर पोसलेलं हे बंदर आहे, हे शहर पहिल्याच वळणावर सांगून टाकतं.

तिथून उतारावर चालत पंधरा मिनिटांत व्यू-पोर येतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मेट्रोची 1 क्रमांकाची गाडी धरावी, दुसरं स्टेशन व्यू-पोर. मेट्रो, बस, ट्राम सगळ्यांना एकच 24 तासांचा पास चालतो. तो सकाळीच घेऊन ठेवा, संध्याकाळच्या दोन बसना लागणार आहे.

बंदराच्या बंद टोकाला मासळी बाजार भरतो. आपल्या ससून डॉकच्या हिशेबाने फारच छोटा, जेमतेम काही टेबलं. पण मासळी रात्रीच्या छोट्या बोटींची असते. निळ्या उथळ ट्रेमध्ये पाणी सोडलेलं आणि त्यात मासे अजून वळवळत असतात. तारली, बांगडा, वाम ओळखीचे वाटतात. काटेरी, विटकरी रंगाचा 'रास्कास' आपल्याला नवा. माझी आई मालवणची. तिने न राहवून एका माशाचा कल्ला बोटाने उचलून आत लाल आहे का बघितलं. टेबलामागची बाई क्षणभर थांबली, मग हसली आणि तिने स्वतःच दुसऱ्या बाजूचा कल्ला उघडून दाखवला. दोघींना एकमेकींचा शब्दही कळत नव्हता. नऊच्या आत गेलात तर हा बाजार भरलेला दिसेल. दुपारपर्यंत टेबलं धुऊन होतात, आणि वादळी हवा असेल तर बाजार भरतच नाही.

शेजारीच आरशासारख्या पोलादाचं एक भलंमोठं छप्पर आहे, नॉर्मन फॉस्टर यांनी 2013 साली उभारलेलं. खाली उभं राहून वर बघा, तुम्ही आणि सगळा धक्का उलटे लटकलेले दिसता. लहान मुलं तिथून हलत नाहीत.

साडेनऊ: ल पानिए, म्हणजे टोपली

आता पाणी डाव्या हाताला ठेवून उत्तर काठाने चाला. इथल्या धक्क्यावरच्या इमारती एकसारख्या आणि विसाव्या शतकातल्या दिसतील. शहर एवढं जुनं आणि घरं एवढी नवी कशी? 1943 च्या जानेवारीत जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या मदतीने ही वस्ती रिकामी करवली. वीस हजारांहून जास्त माणसं घराबाहेर काढली, आणि 1 फेब्रुवारीपासून सुरुंग लावून सुमारे दीड हजार इमारती पाडल्या. अरुंद गल्ल्यांमध्ये प्रतिकार करणारे लपतात, हे कारण. काहीच वास्तू वाचल्या. त्यातली महापालिकेची इमारत आणि हिऱ्यासारखे टोकदार दगड बसवलेली मेझों दियामांते ही दोन ठिकाणं वाटेतच लागतात. तिसरी, 1535 सालची ओतेल द काब्र, जरा मागच्या रस्त्यावर आहे. नव्या रस्त्याच्या रेषेत यावी म्हणून 1954 साली ती अखंड इमारत जागच्या जागी नव्वद अंशांत फिरवली. तिच्या भिंतीवर आजही शेजारच्या दुसऱ्याच रस्त्याचं नाव आहे.

मागच्या चढणीवर सुरू होतं ते ल पानिए. शब्दाचा अर्थ टोपली. मोंते देझ आकूल नावाच्या जिन्याने चढा. वर रंगीत खिडक्या, दोरीवर वाळणारे कपडे, कुंड्या, भिंतीभर चित्रं. फोटो भरपूर निघतात, पण ही लोकांची राहती घरं आहेत, खिडकीच्या आत कॅमेरा नेऊ नका. इथे नकाशा बंद करून पाऊण तास भटका. चढ म्हणजे आत, उतार म्हणजे समुद्र, एवढं समजलं की हरवायची भीती नाही.

भटकून झालं की व्हिएय शारिते गाठा. गुलाबी-पांढऱ्या दगडाच्या तीन मजली कमानींचा चौक आणि मधोमध लंबगोल घुमटाचं प्रार्थनाघर. 1671 मध्ये पिएर प्युजे या मार्सेयच्याच वास्तुकाराच्या आराखड्यावर काम सुरू झालं. उद्देश होता शहरातले भिकारी आणि निराधार धरून आणून कोंडायचा. बाहेरच्या बाजूला खिडक्या नाहीत, सगळं तोंड आतल्या चौकाकडे. नंतर इमारत मोडकळीला आली, तेव्हा ती वाचवण्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत ल कॉर्बुझिए होते, ज्यांनी पुढे चंदीगड आखलं तेच. आज आत संग्रहालयं आहेत. वेळ कमी असेल तर संग्रहालय सोडा, चौकात दहा मिनिटं नुसते बसा.

अकरा ते एक: समुद्राचा दरवाजा

उतारावर ला माजोर हे पट्टेरी दगडांचं कॅथीड्रल येतं, 1852 ते 1893 एवढी वर्षं बांधत होते. आत एक चक्कर पुरे. थांबायचं ते बाहेरच्या गच्चीवर, उत्तरेकडे तोंड करून.

तिकडे जोलिएतची गोदी दिसते. कॉर्सिका आणि अल्जीरियाच्या मोठ्या बोटी लागलेल्या असतात. मराठी माणूस इथे बहुधा व्यू-पोरमध्येच सावरकरांच्या उडीची जागा शोधत फिरतो, पण त्या काळी मोठ्या आगबोटी जुन्या बंदरात येत नसत, उत्तरेकडच्या या नव्या बंदरात लागत. लंडनमध्ये अटक झालेल्या सावरकरांना घेऊन 'मोरिया' 7 जुलै 1910 ला इथे लागली. 8 तारखेच्या सकाळी ते शौचकूपाच्या गोल खिडकीतून पाण्यात उतरले, पोहत धक्क्यावर चढले आणि धावले. फ्रेंच पोलिसाने पकडून त्यांना पुन्हा बोटीवर नेलं. फ्रेंच भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला असं परत देता येतं का, हा खटला थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला. 24 फेब्रुवारी 1911 च्या निकालात, पकडून देण्यात अनियमितता झाली तरी ब्रिटनवर त्यांना परत करण्याचं बंधन नाही, असं ठरलं. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत अथांग समुद्र असतो. इथे उभं राहिलं की कळतं, अंतर गोदीतलं होतं, आणि पाण्यापेक्षा पलीकडचा धक्का जास्त धोक्याचा होता. मला तरी त्यामुळे ती उडी अधिक खरी वाटली.

याच बंदरात 26 सप्टेंबर 1914 पासून हिंदी फौजेच्या तुकड्या पहिल्या महायुद्धासाठी उतरल्या, आणि 11 सप्टेंबर 1931 ला गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही. मुंबईहून विलायतेला जाणारे कितीतरी जण इथे बोट सोडून रेल्वेने पुढे जात. ज्यांना आस्था असेल त्यांच्यासाठी शहराच्या दक्षिण भागात माझार्ग इथे युद्धस्मशान आणि भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. त्याला वेगळा अर्धा दिवस द्यावा लागतो.

गच्चीवरून खाली उतरलं की म्यूसेम. 2013 मध्ये उघडलेली रुडी रिचोत्ती यांची ही इमारत काँक्रीटच्या जाळीत गुंडाळलेली आहे. जाळीतून येणारं ऊन जमिनीवर माशांच्या जाळ्यासारखं पसरतं. आतल्या प्रदर्शनांना तिकीट आहे, पण गच्ची आणि बाजूचा फोर्ट सँ-जाँ मोफत. एका दिवसाच्या पाहुण्याने तिकीट न काढता जाळीच्या आतल्या उतरत्या वाटेने गच्चीवर जावं, तिथून 115 मीटर लांबीच्या अरुंद पुलावरून किल्ल्यात शिरावं. पुलाच्या मधोमध थांबा. खाली बोटी बंदरात शिरत असतात. फोर्ट सँ-जाँ आणि समोरचा सँ-निकोला, दोन्ही चौदाव्या लुईच्या काळात आजच्या रूपात आले. बंडखोर मार्सेयवर वचक ठेवणं हाही त्यामागचा हेतू होता.

जेवण

फ्रान्समध्ये दोननंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. एकच्या सुमारास टेबलावर बसलेलं बरं.

बुइयाबेस ही इथली प्रसिद्ध माशांची कालवणी. 1980 साली इथल्या उपाहारगृहांनी सनद करून त्यात कुठले मासे असावेत हे ठरवलं. आधी केशर घातलेलं रस्सासूप, त्यासोबत लसूण चोळलेल्या पावाच्या चकत्या आणि 'रुई' नावाची तिखटसर लसणी चटणी, मग मासे वेगळे. चांगल्या जागी माणशी साठ-सत्तर युरो सहज लागतात आणि आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. धक्क्यावर कुणी वीस युरोत देतो म्हणाला तर ती बुइयाबेस नव्हे. माझा सल्ला, एका दिवसात तिच्या मागे लागू नका. साधं 'सूप द पुआसाँ' मागवा, चटणी आणि चकत्या त्याच, खर्च पाचपट कमी.

शाकाहारी मंडळींनी बंदर सोडून पाच-सात मिनिटं चालत नोआयच्या बाजारात जावं. पुदिन्याच्या जुड्या, ऑलिव्हची पिंपं, मसाल्यांची उघडी पोती, वास थेट आपल्या मंडईचा. इथे अल्जीरियन पद्धतीची 'महाजेब' मिळते. रव्याची पातळ पोळी, आत कांदा-टोमॅटो-मिरचीचं सारण, चौकोनी घडी घालून तव्यावर भाजलेली. दोन खाल्ल्या की पोट भरतं. दुसरा पदार्थ 'पानिस': चण्याचं पीठ पिठल्यासारखं घट्ट शिजवून, गार करून, चकत्या कापून तळतात. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगो बाई, ही तर पाटवडी!" फक्त मोहरी-खोबरं नाही, वरून मीठ-मिरपूड. याच भागातल्या ओबान्य रस्त्यावर 5 नोव्हेंबर 2018 ला जुनी घरं कोसळून आठ माणसं गेली. त्या तारखेचं नाव दिलेला छोटा चौक दिसला तर क्षणभर थांबा.

दोन ते साडेतीन: उन्हातली सावली

बंदरामागे मार्सेयचं इतिहास संग्रहालय आहे, कायमचा संग्रह मोफत. 1967 मध्ये बाजारसंकुलाचा पाया खणताना प्राचीन बंदराचे अवशेष लागले, ते बाहेरच्या बागेत उघड्यावर आहेत. आत गेल्यावर इतर दालनं भरभर संपवा आणि ग्रीकांच्या होडीपाशी थांबा. इसवी सनपूर्व सहाव्या शतकातल्या या नावेच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, दोरीने शिवल्यात. लाकडाच्या कडेला ओळीने पाडलेली भोकं जवळून दिसतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही गलबतं अशीच काथ्याने शिवत. गोव्यात नुकतंच बांधलेलं नौदलाचं 'कौंडिण्य' जहाज त्याच पद्धतीचं आहे.

चार वाजता: बॉन मेर

व्यू-पोरवरून 60 क्रमांकाची बस नोत्र-दाम द ला गार्दच्या पायथ्यापर्यंत नेते. चालत चढायचा उत्साह असला तरी बसनेच जा, पाय उतरायला लागणार आहेत. दारं संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात, म्हणून साडेचारच्या आत पोचा.

1864 मध्ये पवित्र केलेलं हे चर्च जवळजवळ दीडशे मीटर उंच टेकडीवर आहे, आणि मनोऱ्यावरची मेरीची सोनेरी मूर्ती अकरा मीटरहून उंच. मार्सेयकर तिला 'बॉन मेर' म्हणतात, चांगली आई. आत मान वर करून बघा. छतापासून दोऱ्यांवर छोटी जहाजं टांगलेली आहेत, वाऱ्याच्या झुळकीने हलकेच वळणारी. भिंतीवर संगमरवरी पाट्या: वादळातून वाचलो, आजारातून उठलो, मूल घरी आलं. नवस फेडण्याची ही रीत आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. आई तिथे चप्पल काढायची जागा शोधत होती. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट 1944 च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा आहेत. मार्सेय मुक्त करणाऱ्या त्या फौजेत अल्जीरियाचे सैनिक आघाडीवर होते.

गच्चीवरून समुद्रात फ्रिउलची बेटं दिसतात आणि त्यांच्या अलीकडे तटबंदी असलेलं इफ बेट. तिथे बोट वीस मिनिटांत जाते, पण जाऊन-येऊन तीन तास जातात. एका दिवसात मी ते वगळतो आणि वरूनच त्याची गोष्ट सांगतो. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. 1515 च्या जानेवारीत तो गोव्याहून बोटीने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोचला. पोर्तुगालच्या राजाने तो पुढे पोपना पाठवला. वाटेत 1516 च्या सुरुवातीला बोट मार्सेयजवळच्या या बेटावर थांबली आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम गेंडा बघायला आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ बोट बुडाली, साखळदंडात असलेला गेंडा वाचला नाही.

साडेपाचनंतर: उतार, बिस्किटं, समुद्र

टेकडीवरून उतरत वीसेक मिनिटांत सँ-व्हिक्तोरचा मठ येतो. बाहेरून किल्ल्यासारखा. तळघराचं छोटं तिकीट काढाच, प्राचीन दफनभूमीवर आपण उभे असतो आणि दगडाचा गारवा अंगाला लागतो. जवळच 1781 सालापासूनची भट्टी आहे, तिथे 'नावेत' मिळतात: होडीच्या आकाराची, मधे चीर दिलेली, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेली कडक बिस्किटं. चावायला शंकरपाळ्याहून कठीण, चहात बुडवली की बरोबर. टिकतात भरपूर, घरी न्यायला उत्तम.

घरी न्यायची दुसरी वस्तू साबण. चौकोनी वडीवर '72%' असा ठसा बघा, तेवढं तेलाचं प्रमाण. ऑलिव्ह तेलाचा साबण हिरवट तपकिरी असतो. गुलाबी, जांभळ्या सुवासिक वड्या फक्त दिसायला छान. 1688 च्या राजाज्ञेत साबणात ऑलिव्ह तेलच वापरावं असं बजावलं होतं, आणि वडी आजही तितकीच साधी आहे.

मग फारो बागेच्या बाजूने 83 क्रमांकाची बस धरा. ती कोर्निश या समुद्राकाठच्या रस्त्याने जाते, आपल्या मरीन ड्राइव्हचा चढ-उतार असलेला भाऊ. व्हालाँ देझ ओफच्या थांब्यावर उतरा. रस्ता तीन कमानींच्या पुलावरून जातो आणि त्याच्या पोटात मासेमाऱ्यांचं छोटं बंदर दडलेलं आहे. 'ओफ' म्हणजे ज्या गवताचे दोर आणि जाळी वळत ते गवत. जिन्याने खाली जा, होड्यांच्या मधून कमानीखाली पलीकडे निघालात की खडक आणि उघडा समुद्र. जूनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर बुडतो, म्हणून घाई नाही. खाली उपाहारगृहं महाग आहेत. नोआयमधूनच संध्याकाळचा पाव, चीज आणि ऑलिव्ह बांधून आणलंत तर खडकावर बसून खाता येतं. कचरा मात्र पिशवीतून परत न्या.

परतीची 83 समोरच्या बाजूच्या थांब्यावर मिळते. खडकांकडे उतरण्याआधीच थांब्यावरचं शेवटच्या बसचं वेळापत्रक मोबाइलवर टिपून ठेवा. चुकली तर व्यू-पोर चालत पाऊण तास आहे, रस्ता सरळ आणि दिव्यांचा, समुद्र डाव्या हाताला.